पाणी उतरल्यानंतरची गोष्ट

कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाडला पूर येतो तेव्हा रस्त्यावर दोन प्रकारची माणसं दिसतात. काहींच्या घरात पाणी शिरणार असतं. ती ट्रॉलीत गाद्या, धान्याची पोती, गॅसची टाकी आणि म्हातारी माणसं चढवत असतात. बाकीची नुसती पाणी बघायला आलेली असतात. त्यांना हटकून पोलिसांचा घसा बसतो. गंमत अशी, की सामान एकदा सुरक्षित जागी पोचलं की पहिल्यांतलेही बरेचजण पाणी बघायला परत येतात. नदीपलीकडे नृसिंहवाडीत तर याचा सोहळाच होतो. पुराचं पाणी दत्तमंदिरात उत्तरेकडून शिरतं, पादुकांवरून वाहतं आणि दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं. त्या दारात स्नान करायला भक्तांची झुंबड उडते. वर्तमानपत्रं एका पानावर धोक्याचा इशारा छापतात आणि दुसऱ्यावर दक्षिणद्वार सोहळ्याचं छायाचित्र.

ज्याचं भय वाटतं ते पाहायला माणूस का जातो? जगभरच्या पुस्तकांच्या दुकानांत हाच प्रश्न वेगळ्या रूपात उभा असतो. जग बुडालं, जळलं, साथीनं ओस पडलं. थोडी माणसं उरली. पुढे काय झालं, हे सांगणाऱ्या कादंबऱ्या तिथे ढिगानं खपतात. आणि एकेक नव्हे, तीन-तीन, पाच-पाच भागांच्या मालिका. त्यांना आपण प्रलयोत्तर कादंबऱ्या म्हणू. सुझान कॉलिन्स यांची ‘हंगर गेम्स’ (2008 ते 2010), रशियाच्या दिमित्री ग्लुखोव्स्की यांची ‘मेट्रो 2033’पासूनची मालिका, ह्यू हाउई यांची ‘सायलो’ आणि एन. के. जेमिसिन यांची ‘ब्रोकन अर्थ’ ही त्यातली गाजलेली नावं. यांतल्या बहुतेकींत प्रत्यक्ष प्रलयाला फार कमी पानं मिळतात. काहींत तो कादंबरी सुरू होण्याआधीच होऊन गेलेला असतो. वाचकाला ओढ लागते ती प्रलय सरल्यावर उरलेल्या गोष्टींची, आणि त्या ओढीची यंत्रणा उलगडून पाहण्याजोगी आहे.

भीती, पण हाताशी

पहिला धागा सोपा आहे. संकटाचं वर्णन वाचताना शरीर थोडंफार खऱ्या संकटासारखंच वागतं: छातीत धडधडतं, हाताला घाम सुटतो. पण मेंदूचा दुसरा भाग खात्री देत असतो की आपण खाटेवर आहोत, पंखा चालू आहे, पुस्तक कधीही मिटता येईल. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालू असल्या की भीतीचं रूपांतर उत्तेजनेत होतं. पुलाच्या कठड्यापाशी उभं राहून खालचा लालसर लोंढा पाहताना होतं तेच. कठडा काढून टाका, मग बघा कोण थांबतं ते.

या भीतीचा काही उपयोगही असतो का? 2020 च्या एप्रिलमध्ये, करोनाची पहिली लाट अंगावर आलेली असताना, कोल्टन स्क्रिव्हनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 310 जणांची पाहणी केली. जगबुडी, परग्रहवासीयांचं आक्रमण, झोंबी अशा विषयांवरचे चित्रपट आवडणाऱ्यांनी आपली मानसिक तयारी अधिक असल्याचं सांगितलं. त्यांची व्यवहारातली तयारीही जास्त दिसली. असे चित्रपट पाहिल्यामुळे माणसं तयार झाली, की मुळात तयारीच्या वृत्तीची माणसं असे चित्रपट निवडतात, हे अशा पाहणीतून सिद्ध होत नाही. तरी त्या वर्षी ‘कंटेजन’ हा 2011 चा साथीवरचा चित्रपट जगभर नव्यानं पाहिला गेला आणि काम्यूच्या ‘द प्लेग’चा खप वाढला, तेव्हा लोक नुसती करमणूक शोधत नव्हते. पुढे काय काय होऊ शकतं याची त्यांना तालीम करून पाहायची होती.

तालीम मात्र एका चित्रपटातही होते. मग पाच पुस्तकं कशाला? त्यासाठी दुसरा धागा सोडवायला हवा.

गिलावा उतरल्यावर

जुन्या मातीच्या वाड्यात चार-आठ दिवस पाणी राहिलं की भिंतीचा गिलावा गळून पडतो. मग पन्नास वर्षं त्याच घरात राहिलेल्या माणसाला पहिल्यांदा दिसतं, की तुळई कुठल्या खांबावर टेकली आहे आणि कुठली भिंत नुसतीच आडोशाला उभी होती. प्रलयोत्तर कादंबरी समाजाच्या बाबतीत हेच करते. वीज, पेट्रोल, पगार, पोलीसठाणं, रेशनकार्ड हे सगळं उतरवून ठेवते आणि मग खालचा सांगाडा दाखवते. अन्न कोण पिकवतं, ते कोण मोजतं, कोठीची किल्ली कोणाकडे असते, आणि त्याच्याकडेच ती का?

‘मेट्रो 2033’ मध्ये अणुयुद्धानंतर वाचलेले लोक मॉस्कोच्या भुयारी रेल्वेत राहतात. एकेक स्थानक म्हणजे एकेक राज्य. कुणाकडे जमिनीखाली वाढवलेली अळंबी, कुणाकडे डुकरं, कुणाकडे चहा. चलन म्हणून बंदुकीची काडतुसं. वाचणारा आपसूक हिशेब करायला लागतो: चहाच्या एका पेल्याला किती काडतुसं पडतील? आणि काडतूस झाडलं म्हणजे पैसाही जळाला, मग लढाई परवडते कोणाला? अर्थशास्त्राच्या पुस्तकात कंटाळवाणी होणारी गोष्ट इथे धाप लागेपर्यंत वाचली जाते.

कोल्हापूरकरांनी याची छोटी आवृत्ती प्रत्यक्ष पाहिली आहे. ऑगस्ट 2019 च्या महापुरात पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ कित्येक दिवस बंद राहिला. पंपांवर उरलेलं इंधन तातडीच्या सेवांच्या गाड्यांसाठी राखून ठेवावं लागलं. ज्या जिल्ह्यातून दूध बाहेर जातं, त्याच जिल्ह्यात ग्राहकाला दूध मिळेना आणि गवळ्याला ते घालायला जागा मिळेना. एरवी ज्याच्याकडे कुणी बघत नाही तो रस्ता म्हणजे जिल्ह्याची तुळई होती, हे त्या आठवड्यात सगळ्यांना कळलं.

याच धाग्याला लागून आणखी एक सुख आहे, आणि ते थोडं लबाड आहे. एस. एम. स्टर्लिंग यांच्या ‘डाइज द फायर’ (2004) या मालिकेच्या पहिल्या पुस्तकात एका क्षणी वीज, इंजिनं आणि बंदुका कायमच्या बंद पडतात. लगेच लोहार, सुतार, घोडा पाळता येणारा, धनुष्य करता येणारा अशी माणसं मोठी होतात. आपल्याकडे असं झालं तर बैलगाडीच्या चाकाला धाव चढवणारा, जात्याला टाकी लावणारा आणि काहिलीकडे नुसतं बघून गूळ झाला की नाही हे सांगणारा गुळव्या हे त्रिमंत्रिमंडळ ठरेल. दिवसभर संगणकासमोर बसून कुणाच्या तरी तक्त्यात आकडे भरणाऱ्या वाचकाला ही कल्पना फार गोड लागते. तिथे केलेल्या कामाचं फळ त्याच संध्याकाळी पानात दिसतं. शिवाय कर्जाचा हप्ता नाही, साहेब नाही, केवायसी नाही. इंग्रज समीक्षक ब्रायन अॅल्डिस यांनी अशा ऐसपैस प्रलयांची 1973 मध्येच थट्टा केली होती: बाकीचे सगळे मरतात आणि नायकाला फुकटात हॉटेलची खोली आणि मोटारगाडी मिळते.

एका पुस्तकात का भागत नाही

इथे कुरुंदवाडचा पूर कसा चढतो ते पाहण्यासारखं आहे. गावाच्या उंबऱ्याशीच पंचगंगा कृष्णेला मिळते. कृष्णा आधीच तुडुंब असली की पंचगंगेला आपलं पाणी ओतायला जागा राहत नाही आणि ते मागे चढत जातं. हाच तो फुगवटा. शिरोळ तालुक्याची जमीन सपाट, नदीला उतार बेताचा, त्यामुळे पाणी उसाच्या फडांत पसरतं आणि बसून राहतं. डोंगराळ मुलखातला लोंढा रात्री येतो आणि सकाळी ओसरतो. इथलं पाणी इंचाइंचानं चढतं आणि तितक्याच आळसानं उतरतं. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांना इशारा पातळी आणि 43 फुटांना धोका पातळी. राधानगरी धरणाच्या सात स्वयंचलित दरवाजांपैकी किती उघडले, कोयनेतून विसर्ग किती, अलमट्टीतून पुढे किती सोडलं, हे इथल्या शाळकरी मुलांनाही तोंडपाठ असतं. भेटल्यावर पहिला प्रश्न एकच: “आज किती?”

मालिकेचा वाचकही हाच प्रश्न विचारत असतो. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज लोवेन्स्टाइन यांनी 1994 मध्ये कुतूहलाची एक उपपत्ती मांडली. आपल्याला एखाद्या गोष्टीतलं काहीच ठाऊक नसेल तर कुतूहल जागं होत नाही, सगळं ठाऊक असेल तरी होत नाही. बरंचसं कळलंय आणि मधला एक तुकडा गहाळ आहे, अशा वेळी ते सर्वांत जास्त छळतं.

‘सायलो’ या छळावरच उभी आहे. जमिनीखाली 144 मजल्यांची वर्तुळाकार वस्ती. मधोमध जिना, लिफ्ट नाही. सर्वांत वरच्या मजल्यावर एक पडदा, त्यावर बाहेरचं उजाड जग दिसतं. बाहेर जायची इच्छा नुसती बोलून दाखवणं हाच गुन्हा, आणि शिक्षा म्हणजे ती इच्छा पुरी करणं: पोशाख चढवून बाहेर पाठवतात, कॅमेऱ्याच्या भिंगांवरची धूळ पुसायला लावतात आणि माणूस थोड्याच वेळात कोसळतो. मग मरायला निघालेला माणूस भिंगं पुसतोच का? एवढा एक तुकडा गहाळ. हाउई यांनी 2011 मध्ये ही एक लांबट कथा स्वतःच प्रसिद्ध केली होती. मालिका करण्याचा बेत नव्हता. वाचकांनी पुढचं मागितलं, काही महिन्यांत आणखी चार भाग झाले आणि 2013 पर्यंत ‘शिफ्ट’ आणि ‘डस्ट’ धरून तीन जाड पुस्तकं. ही मालिका वाचकांनी लेखकाकडून ओढून काढली, असं म्हटलं तरी चालेल.

याहून खोल कारण काळाचं आहे. मोडायला एक दिवस पुरतो. पुन्हा उभं करायला पिढ्या लागतात. पहिल्या पुस्तकात जगतात ती माणसं. दुसऱ्यात त्यांनी केलेले नियम. तिसऱ्यापर्यंत ते नियम का केले होते हे सांगणारं कुणी उरत नाही आणि नियम तेवढे उरतात. हा प्रवास दाखवायला लांबी लागतेच. जेमिसिन यांच्या ‘ब्रोकन अर्थ’ मध्ये तर प्रलय दर काही शतकांनी परत येतो. त्या जगातल्या लोकांनी कोठारं कशी भरावीत, कुणाला आत घ्यावं, कुणाला दाराबाहेर ठेवावं याची वचनं दगडावर कोरून ठेवली आहेत. कथा पुढे सरकते तशी शंका बळावते की दगडावरचं लिखाण कुणीतरी मधूनच बदललंय. या मालिकेच्या तिन्ही पुस्तकांना 2016, 2017 आणि 2018 असा लागोपाठ तीन वर्षं कादंबरीचा ह्यूगो पुरस्कार मिळाला. असं त्याआधी कुणाच्याच बाबतीत घडलं नव्हतं. 2005, 2019, 2021 अशा पुरांच्या खुणा भिंतींवर रंगवून ठेवणाऱ्या नदीकाठाला ही कादंबरी परकी वाटू नये.

---

चौकट : थोडक्यात

प्रलयोत्तर कादंबरीत भीती असते, पण पुस्तक मिटण्याची सोय हाताशी असल्यानं ती सोसवते आणि पुढच्या संकटाची तालीम होते. एरवी न दिसणारी समाजाची रचना उघडी पडते, त्यामुळे प्रत्येक लहान कृतीला वजन येतं. साध्या हातकामाला मोल येतं. मालिका लागते ती दोन कारणांनी: प्रलय कसा झाला याचा एक तुकडा दडवून ठेवलेला असतो, आणि पुन्हा घडी बसवण्याचं काम एका पिढीत संपत नाही.

---

गांडीव जड होतं तेव्हा

हा सगळा पाश्चात्त्य चाळा आहे असं वाटत असेल तर महाभारताचं मौसलपर्व काढून पाहावं. युद्ध संपून छत्तीस वर्षं झालेली आहेत. यादव प्रभासला आपसांत लढून मरतात, कृष्ण जातो, द्वारका समुद्रात बुडते. उरलेली बायकामुलं आणि म्हातारे घेऊन अर्जुन इंद्रप्रस्थाकडे निघतो. वाटेत आभीर लुटारू तांड्यावर पडतात. अर्जुनाला गांडीव ओढवत नाही, अस्त्रं आठवत नाहीत, एकेकाळचे अक्षय भाते रिकामे होतात. त्याच्या डोळ्यांदेखत लुटारू बायकांना पळवतात. जे वाचतात त्यांची तो ठिकठिकाणी सोय लावतो आणि कृष्णाचा पणतू वज्र याला इंद्रप्रस्थी बसवतो.

बुडालेलं शहर, निर्वासितांचा तांडा, वाटमारे, बंद पडलेली शस्त्रं, नव्या जागी छोटं राज्य. हॉलिवुडचा निर्माता याहून वेगळं काय मागेल? आणि व्यासांनी केलेली एक गोष्ट आजच्या लेखकांनाही नीट जमत नाही. त्यांनी सर्वांत समर्थ माणसाला दुबळं केलं. आजच्या मालिकांत नायक बहुधा प्रलयानंतर अधिक ताकदवान होतो.

इथे कादंबऱ्या फसतात

दोन ठिकाणी मला या प्रकाराशी भांडावंसं वाटतं. एक म्हणजे माणसांबद्दलचा अविश्वास. वीज गेली की दुसऱ्या दिवशी शेजारी शेजाऱ्याच्या उरावर बसतो, हे त्यांत जवळजवळ गृहीतच असतं. अमेरिकेत ओहायो स्टेट विद्यापीठात 1963 मध्ये आपत्ती संशोधन केंद्र सुरू झालं. तिथल्या एन्रिको क्वारान्टेली आणि सहकाऱ्यांनी भूकंप, वादळं, पूर यांनंतरची माणसं अनेक दशकं तपासली. बेभान पळापळ अपवादानं आढळली. बहुतेक ठिकाणी पहिली मदत शेजाऱ्यांनीच केली होती. 2019 मध्ये शिरोळ तालुक्यातही माणसं आणि जनावरं साखर कारखान्यांच्या आवारात, मंगल कार्यालयांत, शाळांत राहिली आणि भाकरीचे ढीग आजूबाजूच्या कोरड्या गावांतून आले. कुरुंदवाडच्या पाच मशिदींत वर्षानुवर्षं गणपती बसतो. अशा गावावर कादंबरी लिहिणाऱ्याला पहिल्याच प्रकरणात दंगल घालता येणार नाही, वेगळं काहीतरी सुचवावं लागेल.

दुसरं भांडण कागदांबद्दल. या कादंबऱ्यांत सरकार पहिल्या पानावर मरतं. प्रत्यक्षात पाणी उतरल्यावर चिखलातून पहिल्यांदा चालत येतो तो तलाठी. पंचनामा, सानुग्रह अनुदान, आधारची झेरॉक्स (जी भिजलेली असते), बँकेचं पासबुक (तेही). घर पडलं की अंशतः पडलं यावर वाद. बांध वाहून गेल्यामुळे शेजाऱ्याची हद्द कुठवर यावर त्याहून मोठा वाद. आपल्याकडच्या आपत्तीत सरकार नाहीसं होत नाही, फार तर उशिरा येतं. केवायसीपासून सुटकेचं जे स्वप्न या मालिका विकतात, ते शिरोळ तालुक्यात खपवणं अवघड आहे.

आपली गोष्ट आधीच थांबते

मग मराठीत अशी मालिका का नाही? जगबुडीची कल्पना आपल्याला नवी नाही. जयंत नारळीकर जन्मानं कोल्हापूरचे. 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत नारायण विनायक जगताप या नावानं पाठवलेल्या ‘कृष्णविवर’ कथेनं ते कथालेखक झाले. त्यांच्या ‘हिमप्रलय’ मध्ये मुंबईत बर्फ पडतो, ‘धूमकेतू’ मध्ये पृथ्वीवर धूमकेतू आदळायची वेळ येते. दोन्ही कथांत शास्त्रज्ञ उपाय शोधतात आणि संकट टळतं किंवा आवरतं. नारळीकरांना रस होता तो कोड्यात आणि ते सोडवण्याच्या रीतीत. प्रलयोत्तर कादंबरी सुरू होते ती उपाय फसल्यानंतर.

यात लेखकाच्या पिंडाइतकाच छापखान्याचाही हात आहे. मराठी विज्ञानकथा वाढली ती स्पर्धा, ‘नवल’सारखी मासिकं आणि दिवाळी अंक यांच्या अंगणात. तिथे दहा-बारा पानांत कल्पना मांडून, कलाटणी देऊन मोकळं व्हावं लागतं. एवढ्या जागेत जग बुडवता येतं, पुन्हा वसवता येत नाही. मालिका लिहायची आणि वाचायची सवय मराठीला नव्हती असंही नाही. बाबुराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळा पहाडनं ती पिढ्यांना लावली. पण तिथे दर पुस्तकात गुन्हेगार पकडला जातो आणि जग होतं तसं होतं. प्रलयोत्तर मालिकेची अट नेमकी उलटी: जग पुन्हा पहिल्यासारखं होता कामा नये.

कृष्णाकाठच्या एखाद्या लेखकानं ती अट स्वीकारली, तर साहित्य पायाशी पडलं आहे. समजा, पाणी उतरलंच नाही. संगमापासून मागे फुगवटा कायमचा राहिला. पहिल्या पुस्तकात उंच जागा कुणाच्या मालकीच्या, हा प्रश्न. दुसऱ्यात ऊस संपलेला, आणि ऊस सोडून इतर काही पेरायचं आठवतंय कुणाला, हा. तिसऱ्यात वरच्या धरणाचे दरवाजे आपोआप उघडतात-मिटतात पण ते का, हे सांगणारं कुणी नाही. मग त्यांची पूजा सुरू होते आणि पुजाऱ्यांची दोन घराणी होतात.

तोवर वाचायचं असेल तर ‘सायलो’ची पहिली लांबट कथा घ्यावी, ती एका बैठकीत होते आणि आवडली नाही तर पुढे जायची सक्ती नाही. मेट्रो मालिकेतलं ‘2034’ वगळलं तरी ‘2033’चं काही बिघडत नाही. जेमिसिन यांच्या पहिल्या पुस्तकात एका पात्राची कथा ‘तू’ म्हणत सांगितलेली आहे, त्यामुळे सुरुवातीची पन्नासेक पानं अडखळायला होतं. तिथे पुस्तक खाली ठेवू नये. ते ‘तू’ कोण कुणाला म्हणतंय, याचं उत्तर पुढे मिळतं.